चार मैलांपासून दोनशे मैलांपर्यंत

[दृश्य: रेक्याविक बंदर, गस्तीनौका]

ही 'ओदिन'. आइसलँडच्या तटरक्षक दलाची जुनी गस्तीनौका. आता ती संग्रहालयाचा भाग आहे, आत फिरूनही बघता येते. या नौकांच्या मागच्या डेकवर काय असायचं ते पुढे येईलच.

[दृश्य: ग्रिम्सबीचा धक्का, जुनं चित्रण]

१९५२ साली आइसलँडने मासेमारीची हद्द, म्हणजे परक्या जहाजांना मासेमारीची मनाई असलेला समुद्र, तीन मैलांवरून चार मैलांवर नेली. ब्रिटनच्या हल आणि ग्रिम्सबी बंदरांतल्या ट्रॉलरमालकांनी, म्हणजे जाळं ओढत मासेमारी करणाऱ्या जहाजांच्या मालकांनी, त्याचा वचपा धक्क्यावर काढला: आइसलँडची मासळी इथे उतरणार नाही! दीड लाखाच्या आसपास वस्तीचा देश, निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी मासळीच. हे लवकरच गुडघे टेकतील, असाच हिशेब असणार.

आइसलँडने मासळी गोठवली, खारवली, सुकवली. अमेरिकेला विकली आणि १९५३ पासून सोव्हिएत संघालाही. नाटोचा सदस्य, स्वतःचं सैन्य नाही, आणि गिऱ्हाईक मॉस्को! १९५६ मध्ये बंदी उठली. चार मैल कायम राहिले.

१९५८ मध्ये बारा मैल, १९७२ मध्ये पन्नास.

[दृश्य: समुद्र, ट्रॉलर आणि गस्तीनौका]

आता नीट बघा. ट्रॉलर दोन पोलादी तारांनी जाळं ओढतोय. तारा पाण्याखाली, तिरक्या. गस्तीनौका त्याच्या मागून आडवी जाते. तिच्या मागच्या डेकवरून सोडलेल्या वायरला नांगरासारखा आकडा बांधलेला, आतल्या बाजूला धार. आकडा तारेत अडकतो, ताण बसतो, तार तुटते. दोन्ही तारा गेल्या की जाळं मासळीसकट तळाला. ५ सप्टेंबर १९७२ ला 'ईगिर'ने हे पहिल्यांदा करून दाखवलं. तोफाही होत्या, पण ट्रॉलरवाल्यांना धाक होता तो या आकड्याचाच.

[दृश्य: फ्रिगेटची धडक]

१९७५ मध्ये हद्द दोनशे मैल. ब्रिटिश युद्धनौका अशा अंगावर येत होत्या. तिकडे युरोपीय आर्थिक समुदायाने आइसलँडच्या मासळीवरची आयातकराची सवलत वाद मिटेपर्यंत अडकवून ठेवलेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले. आइसलँडमधला केफ्लाविकचा नाटो तळ बंद होण्याची टांगती तलवार होतीच. जूनमध्ये करार झाला: दोनशे मैलांच्या आत एका वेळी फक्त चोवीस ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहा महिनेच.

[दृश्य: हल, रिकामी गोदी]

हल, ग्रिम्सबी, फ्लीटवुडमध्ये हजारोंचं काम गेलं.

आणि १९७७ उजाडताच ब्रिटनने स्वतःची मासेमारीची हद्द ठरवली, तीही दोनशे मैलच.