होडीतून आलेला देव

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी,

पत्र्यावरचा पाऊस माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतोय. मागच्यांनी पुढे सरकावं. आयोजकांनी विषय दिलाय ‘मूर्तिपूजेचा अर्थ’. हा विषय निघाला की वक्ते उपनिषदांपासून सुरुवात करतात आणि चहाची वेळ झाली तरी मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. मी जुवारी नदीपासून सुरुवात करतो.

१५६० च्या सुमाराला कुठ्ठाळीच्या मंगेशाचं लिंग नदी ओलांडून प्रियोळला आलं. वेर्ण्याची म्हाळसा आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला. नदीच्या पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आदिलशाहीतला अंत्रूज महाल. आज आपण बसलोय तो हा भाग म्हणजे त्या काळची देवांची निर्वासित छावणीच. देव होडीतून आणला, हे आपल्याकडे इतक्यांदा सांगितलं जातं की त्यातला धोका आता कानाला लागत नाही. मूर्तिपूजा हाच जिथे गुन्हा, तिथून मूर्ती घेऊन निघायचं. सापडलात तर काय होईल, हे नेणाऱ्याला ठाऊक होतं.

आता मला सांगा, ही माणसं होडीतून नेमकं काय घेऊन आली?

‘प्रतीक’ असं उत्तर तुमच्या ओठांवर आलं असणार. आपण सगळे शाळेपासून तेच शिकलो. दगडाची पूजा आम्ही करत नाही हो, त्यामागच्या निर्गुण तत्त्वाची करतो. मूर्ती हे मन एकाग्र करायचं साधन. मीही वर्गात अनेक वर्षं हेच सांगितलं. पण प्रतीकच असतं, तर ते मागे ठेवून यायला काय हरकत होती? प्रियोळात दगड नव्हते, की पाथरवट नव्हते? नवं लिंग घडवायचं आणि तत्त्व तेच ठेवायचं. झेंडा जळला तर आपण दुसरा शिवतो. आई मात्र घरात राहिली, तर पेटत्या घरात शिरतो.

हा ‘प्रतीका’चा युक्तिवाद कुठून आला तेही पाहण्यासारखं आहे. १५६३ च्या डिसेंबरात, म्हणजे इकडे आपले देव नद्या ओलांडत होते त्याच सुमारास, युरोपात ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने एक ठराव केला. ख्रिस्त, मरिया आणि संत यांच्या प्रतिमांना मान द्यावा, मात्र त्यांच्यात दैवी शक्ती आहे असं समजून नव्हे. तो मान प्रतिमेला नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतो. प्रॉटेस्टंट लोक तिकडे कॅथलिकांना मूर्तिपूजक म्हणून हिणवत होते, त्यांना दिलेलं हे उत्तर. आणि चार वर्षांनी, १५६७ मध्ये, त्याच धर्माच्या नावाने आपल्या गोव्यातल्या साष्टीतली देवळं जमीनदोस्त झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि आपले सुधारक, दोघेही मूर्तीवर तुटून पडले. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाज निघाला, त्याने मूर्ती बाजूलाच ठेवली. तेव्हा बचावासाठी आपल्या शिकलेल्या मंडळींनी जे उत्तर काढलं, ते ट्रेंटच्या ठरावाशी किती जुळतं पाहा! त्यांनी तिकडून उचललं असं मी म्हणत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की सगळे सारखंच बोलायला लागतात, एवढंच.

‘मूर्तिपूजा’ हा आपला साधा शब्द, त्यात शिवी नाही. पाद्र्यांच्या ‘इदोलात्रिया’ या पोर्तुगीज शब्दात होती. एका बाजूला कृतीचं नाव आणि दुसऱ्या बाजूला गुन्ह्याचं. आपण उत्तर देत बसलो ते गुन्ह्याला.

देवळात आपण बोलतो कसे, ते ऐका. दुपारी गेलात तर पुजारी सांगतो, देव जेवला, आता निजला. देवीला गाऱ्हाणं घालतो, कौल मागतो. ओल्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडते की डावी, तिकडे डोळे लावून बसतात. भटजींच्या मागे उभा असलेला माणूस त्या घटकेला तत्त्वचिंतन करत नसतो, उत्तराची वाट पाहत असतो. घरात संकट आलं की देव पाण्यात घालून बसतो. प्रतीकाला पाण्यात बुडवून कुणी धमकावतं का? हे नातं एका व्यक्तीशी आहे. तिच्यावर रुसता येतं.

कायद्यालाही हे मान्य करावं लागलं, ही मौजच आहे. १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर, कलकत्त्याच्या एका घराण्याचा तंटा गेला होता. पूजेची पाळी आली की घरातला देव आपल्या घरी नेता येईल का, असा वाद. न्यायाधीश म्हणाले, मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिने कुठे राहावं याबाबत तिची स्वतःची इच्छा आहे आणि ती मांडायला एक तटस्थ माणूस नेमावा. देवाला हलवायचं तर देवाला विचारा! आमच्या कुठ्ठाळीकरांना हे कुणी सांगावं लागलं नसतं.

आता या व्यक्तिपणाची एक बाजू आपल्याला फारशी आवडत नाही, तीही सांगतो. व्यक्ती म्हटली की तिचं घर आलं, घर म्हटलं की दार, आणि दार म्हटलं की कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारे आले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मूर्ती केवळ साधन असती, तर अडवणाऱ्यांनी एवढा हट्ट कशाला धरला असता? ‘तुम्ही दुसरं साधन वापरा’ म्हणून मोकळे झाले असते. आणि आपल्या गोव्यातही महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत मानकरी, कोण, गाभाऱ्यात कोण जाणार, हा प्रश्न काही नाशिकपुरता नाही. होडीतून देव आणल्याचा अभिमान सांगताना हेही त्याच दमात सांगायला हवं. आपण ते गाळतो.

मूर्ती म्हणजे घडवलेला आकारच, असंही नाही. सत्तरीत, पेडण्यात जाऊन पाहा. सातेरी देवीच्या गाभाऱ्यात रोयण असते, वारूळ. मातीतून आपोआप वर आलेलं. एका देवळात मी फार जवळून पाहिलं: लालसर मातीचा तो उंचवटा, त्याला साडी नेसवलेली, पुढे धातूचा मुखवटा. शिरगावच्या जत्रेत लईराई देवी निघते ती कळसाच्या रूपात. आणि लोक मानतात, तिची एक बहीण म्हापशाच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे, मिलाग्र सायबीण. तिच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, हिंदू तेल घेऊन जातात. ट्रेंटच्या ठरावात हे बसत नाही, आपल्या ‘प्रतीका’तही नाही. बहीण मात्र बहीण राहिली. कुंकळ्ळीहून फातर्प्याला गेलेली शांतादुर्गा इतक्या पिढ्यांनंतरही कुंकळ्ळीकरीणच आहे. दरवर्षी शिगम्यात देवीच्या छत्र्या नाचत कुंकळ्ळीला येतात, तेव्हा तिथले ख्रिस्ती गावकरही त्या मिरवणुकीत असतात.

मग माती देव होते तरी केव्हा? यावर मला सगळ्यात चांगलं उत्तर एका मूर्तिकाराने दिलं, आणि त्याला मी प्रश्न विचारलाही नव्हता.

आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरचा पाट मूर्तिकाराच्या चित्रशाळेत नेऊन देतात, मूर्ती त्याच पाटावर बसवतात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आदल्या दिवशी मूर्ती आणताना पायरीवर माझा पाय घसरला, वडिलांना धक्का लागला आणि सोंडेचं टोक तुटलं. घरात सन्नाटा. आजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वडील मूर्ती तशीच घेऊन परत गेले, मी रडत मागे. मूर्तिकाराने विचारलं, “पूजा झाली?” नाही म्हटल्यावर हसला. “मग माती आहे ती अजून.” ओल्या चिकणमातीचा गोळा घेतला, अंगठ्याने दाबला, रंगाचा हात फिरवला आणि विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, सुपारीचं शिपटं, आंबाडे, कांगलां बांधून झाली. खाली भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. दुपारी मी सोंडेकडे निरखून बघत होतो, जोड दिसतोय का म्हणून. आजी मागून आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “असं टक लावून बघू नये. जेवतोय तो.”

दीड दिवसाने उत्तरपूजा झाली. वडिलांनी अक्षता टाकून मूर्ती जागेवरून जराशी हलवली. मग विहिरीवर. येताना पाटावर मूठभर माती आणली, तिला आरती केली. पाट धुऊन पडवीत उभा करून ठेवला. त्यावर पाण्याचे ओघळ होते, आणि एका कोपऱ्यात सोंडेच्या डागडुजीचा थोडा गुलाबी रंग सांडलेला. तो डाग पुढच्या श्रावणात मूर्तिकाराकडे पाट दिला तेव्हाही तसाच होता.