जमिनीला न टेकणारं यान

डोळ्यांसमोर आणा: जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारा एक माणूस गुडघ्यांवर बसलाय. समोर जेमतेम मीटरभर रुंदीची पट्टी, हातात लांब सळई. सळई तिरकीच खुपसायची, साधारण ३० अंशांत. उभी गेली तर थेट सुरुंगाच्या माथ्यावरच दाब पडेल. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, इजिप्तमधल्या अल अलामीनच्या वाळवंटातही सैनिक असेच इंचाइंचाने सरकत होते. सोबतीला युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने घडवलेलं शोधकयंत्र होतं, आणि साखळ्यांनी जमीन झोडपत जाणारे रणगाडे.

पण जमिनीवर भारच टाकला नाही तर?

ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या होव्हरक्राफ्टने १९५९ साली इंग्लिश खाडी पार केली. पंखे यानाखाली हवा कोंडतात आणि यान त्या हवेवर तरंगतं. आता एक हिशेब करून पाहू. यान ४०० किलोचं, ४ मीटर लांब, २ मीटर रुंद. भार सगळ्या तळावर पसरला, की एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येतात ५ ग्रॅम. तळहाताएवढ्या सुरुंगावर पडतो जेमतेम अर्धा किलो! काही सुरुंग ५ किलोंच्या दाबानेही फुटतात. तेवढाही दाब इथे पडत नाही. हलकेपणाची ही ताकद मगावाने दाखवून दिली. कंबोडियात या सव्वा किलोच्या उंदराने वासावरून ७१ भूसुरुंग शोधले आणि एकावरही त्याचं वजन भारी पडलं नाही.

तरी होव्हर यानाला आपण तारणहार मानू नये. गवतात ताणलेली सुरुंगाची तार त्याच्या झालरीत, म्हणजे हवा कोंडून धरणाऱ्या तळाभोवतीच्या लवचीक पडद्यात, अडकू शकते, चुंबकीय सुरुंगाला तर स्पर्शाचीही गरज नसते. खडकाळ उतारावर झालर फाटते, आणि खालून सुटणारी हवा इतकी धूळ उडवते की कॅमेरे आंधळे होतात. शिवाय वरून सुखरूप निघून गेलं म्हणून सुरुंग निघाला असं होत नाही. सैन्याला पलीकडे जायला एक वाट पुरते. गावाला मात्र अख्खं शेत परत हवं असतं, बांधासकट.

म्हणून मला आशा वाटते ती चालकाविना चालणाऱ्या यानाची. पोटाशी जमिनीत डोकावणारं रडार, कारण प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरताच असतो. ओल्या चिकणमातीत रडारही चाचपडतं, तेव्हा जोडीला धातुशोधक लागतोच. संशय आला की यान तिथे रंगाचा ठिपका टाकून पुढे जाईल.

त्या ठिपक्यापाशी हाच माणूस पुन्हा गुडघ्यांवर बसेल, सळई तिरकी धरून.