चाळीसचा बल्ब आधी का उडतो?

श्रोतेहो, नमस्कार. थंडी पडली की तुरीच्या, हरभऱ्याच्या वावरात जागल सुरू होते. रानडुक्कर आणि रोही काही विचारून येत नाहीत. मोटारीच्या पेटीत तीन फेज येतात, न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मात्र बहुतेक ठिकाणी नसते. दोन फेजांमधलं व्होल्टेज एका बल्बाला झेपत नाही, मग कोणीतरी दोन फेजांवर दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडतो. दोन्ही शंभर वॅटचे असले तर ते जळतात. पण एक शंभराचा आणि एक घरात पडून असलेला चाळीसचा लावला, की चाळीसचा पांढराफेक पेटतो आणि रात्र काही काढत नाही. शंभराचा तोवर नुसता लालसर. लोक म्हणतात, शंभराचाच खराब निघाला!

तो खराब नसतो. बल्बवरचा वॅटचा आकडा 230 व्होल्टपुरता खरा. त्या व्होल्टेजला शंभराच्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण 530 ओहम, चाळीसच्या तारेचा 1320. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच वाहतो; मग ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त आणि उष्णताही जास्त.

घरच्या 230 व्होल्टवर ही जोडी लावली, तर या हिशेबाने चाळीसला 164 आणि शंभराला 66 व्होल्ट यायला हवेत. पण टंगस्टनची तार मोठी लहरी. गार असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या जेमतेम दहावा-पंधरावा हिस्सा असतो. शंभराची तार पुरती तापतच नाही, म्हणून तिचा रोध घटतो आणि तिच्या वाट्याचं व्होल्टेजही चाळीसकडे सरकतं. त्याला 190च्या आसपास मिळतात. वावरात दोन फेजांमध्ये 415 असतात, तिथे 340च्या वर. बिचारा बनलाय 230साठी.

तो उडाला की दोन्ही विझतात, आणि खरा धोका तिथून पुढे. अंधार झाला, म्हणजे लाइन गेली असं समजून होल्डरला हात लावू नका. तुटलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये आता पूर्ण 415 व्होल्ट असतात. बटन एकाच फेजवर असेल, तर ते बंद करूनही दुसरा फेज होल्डरपर्यंत येतोच. मेन स्विच पाडा, तिन्ही फेज बंद झाल्याचं टेस्टरने पाहा, मगच बल्बाला हात लावा.

आणि एलईडी बल्ब या जोडणीत घालूच नका. त्यात तापणारी तार नसते, आत सर्किट असतं. वरचा हिशेब त्याला लागू नाही. जागलीला बॅटरीचा नाहीतर सोलरचा दिवा परवडतो.