स्मशानवैराग्य आणि साय काढलेलं दूध

स्मशानवैराग्य किती वेळ टिकतं? घरी येऊन आंघोळ करेपर्यंत. चहा घेतला की माणूस पुन्हा हप्त्यांच्या हिशेबाला लागतो. पण समजा, एखाद्याचं ते उतरलंच नाही तर?

एर्लेंड लू या नॉर्वेच्या लेखकाची ‘डॉप्लर’. २००४ सालची, छोटीशी कादंबरी. नायक आंद्रेआस डॉप्लर. ऑस्लोत चांगली नोकरी, बायको, दोन मुलं. वडील नुकतेच गेलेत आणि ह्याच्या डोक्यात काय, तर बाथरूमच्या टाइल्स! एक दिवस जंगलात सायकलवरून पडतो. तिथंच आडवा पडलेला असताना टाइल्स विसरतात आणि वडील गेलेत हे पहिल्यांदा आत पोचतं. मग गडी सरळ तंबू ठोकून जंगलातच राहायला जातो.

त्याचा राग कशावर आहे ऐका. स्वतःच्या हुशारीवर! शाळेत हुशार, कॉलेजात हुशार, नोकरीत हुशार. शेजारच्या काकूंनी ज्याचं उदाहरण देऊन आपल्याला छळलं, तोच हा मुलगा. फक्त आता तो वैतागलाय.

भूक लागते म्हणून तो एक मूस मारतो. मूस म्हणजे घोड्याएवढं अवाढव्य हरीण. ती मादी निघते, आणि तिचं पिल्लू ह्याची पाठच सोडत नाही. हाकलून थकतो, शेवटी नाव ठेवतो बोंगो. का, तर वडिलांची आठवण म्हणून. वडिलांचं नाव बोंगो नव्हतं, हं!

आणि आता माझा आवडता भाग. दूध. (थांबून) सगळं सुटतं, पण साय काढलेलं दूध सुटत नाही. मग हा संन्यासी डोंगर उतरून सुपरमार्केटात जातो आणि मॅनेजरशी सौदा करतो: मूसचं मटण घ्या, दूध द्या. बलुतेदारीच की ही!

पुढं जंगलात ह्याच्यासारखी आणखी माणसं यायला लागतात, तिथं मला पुस्तक थोडं सैल वाटलं. पण बापलेकाचा धागा तुटत नाही. आपण वडिलांना ओळखतच नव्हतो, हे त्याला फार उशिरा कळतं. त्यांच्या मागं फोटो सापडतात. कुटुंबाचे नाहीत, सहलीचे नाहीत. त्यांनी जिथं जिथं वापरले, त्या संडासांचे.

मी हसलो. मग पान उलटायला जरा वेळ लागला.