उभ्या गाडीचे वय

काचेच्या या बरणीत दोन थर दिसत आहेत. वरचा फिकट पिवळा थर डिझेलचा आहे आणि तळाशी बोटभर उंचीचा जो जवळजवळ रंगहीन थर आहे, ते पाणी आहे. नीट पाहिले तर दोन्हींच्या मधे काळपट, बुळबुळीत तंतूंसारखे काही तरंगताना दिसेल. इंधनाच्या फिल्टरखाली पाणी काढून टाकण्यासाठी एक छोटी तोटी असते. ती सैल करून आम्ही ही बरणी भरली, तेव्हा ही मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, आमच्याकडे येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याआधी ती दीड वर्ष एकाच जागी उभी होती. विकणाऱ्याने ही गोष्ट लपवली नव्हती. उलट गाडीचा गुण म्हणून सांगितली होती, की गाडी फार कमी चालली आहे.

जुनी डिझेल मोटरहोम पाहायला जाणाऱ्यांच्या कानांवर हे वाक्य हमखास पडते आणि ते ऐकून बरेही वाटते. मात्र या गाड्यांच्या बाबतीत किलोमीटरच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व उभे राहण्यात गेलेल्या महिन्यांना आहे, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. निगा राखली तर मोठे डिझेल इंजिन काही लाख किलोमीटर सहज चालते. रबर, सील, बॅटरी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि टाकीतले इंधन मात्र गाडी चालो वा न चालो, आपापल्या गतीने जुने होत राहते. गाडीचे हे दुसरे वय ओळखायला आणि मोजायला आम्ही दोघे कसे शिकलो, ते या चित्रफितीत सांगायचे आहे.

टाकीत पाणी आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही गळतीत नव्हते. अर्धवट भरलेली टाकी दिवसा तापते आणि रात्री निवते. तापताना आतली हवा फुगून बाहेर पडते, निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातली वाफ टाकीच्या थंड पत्र्यावर थेंब होऊन जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाऊन बसते. जिथे पाण्याचा थर संपून डिझेलचा सुरू होतो, तिथे सूक्ष्मजीव वाढू लागतात. ते इंधनावर जगतात आणि त्यांच्यापासून तयार होणारा चिकट गाळ फिल्टर तुंबवतो. म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नाही. गाळ दिसलाच, तर जंतुनाशक औषध घालावे लागते आणि त्यानंतर मेलेला गाळ सुटून येतो, त्यामुळे दोन-तीन फिल्टर लागोपाठ बदलण्याची तयारी ठेवावी लागते. आम्हाला तीन बदलावे लागले.

एवढ्याशा पाण्याची इतकी काळजी का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या मूळ तत्त्वाकडे थोडे वळावे लागेल. रुडॉल्फ डिझेल यांनी 1892 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण 15 ते 20 पट दाबली जाते, त्या दाबानेच ती 500 अंश सेल्सियसच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारणी बारीक व्हावी यासाठी इंधनावर प्रचंड दाब द्यावा लागतो. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या, इंजिनांत तो 1,000 बारच्याही पुढे जातो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब). हा दाब देणाऱ्या पंपाचे आणि इंजेक्टरचे भाग अतिशय काटेकोर मापाचे असतात आणि त्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. वंगणाचे ते काम पाण्याला जमत नाही. इथे एक इशारा आवर्जून द्यायला हवा. इंजिन चालू असताना या नळ्यांवर हात फिरवून गळती कधीही शोधू नये, कारण केसाएवढ्या भेगेतून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरते. गळतीची शंका आली तर पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावे आणि इंजिन लगेच बंद करावे.

आता टायरकडे पाहू. नक्षी अगदी खोल, नव्यासारखी दिसते. बाजूच्या भिंतीवर मात्र एका लांबट चौकटीत 2316 हे आकडे कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ असा, की हा टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मोटरहोमचे टायर झिजून क्वचितच बाद होतात. बहुतेक वेळा ते म्हातारे होऊन बाद होतात. एकाच जागी भार झेलत उभे राहिल्याने आणि उन्हामुळे रबर कडक होते, बारीक तडे जातात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा टायर वेगात असताना फुटतो. पुढचा टायर असा फुटला तर स्टिअरिंग सांभाळणे किती अवघड असेल, याची कल्पना केलेली पुरे. कित्येकदा हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात आणि ते वाचण्यासाठी गाडीखाली वाकावे लागते. तेव्हा लक्षात ठेवावे, की गाडी सरळ उभी करण्यासाठी बसवलेले जॅक किंवा सस्पेन्शनमधले हवेचे फुगे यांच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचे नाही. फुग्यातली हवा गेली की काही टनांचे धूड क्षणात खाली बसते. आधी भक्कम स्टँड लावायचे आणि मगच खाली जायचे. हवेचा दाबही अंदाजाने ठरवायचा नसतो. पाण्याच्या टाक्या आणि सगळे सामान भरून गाडी काट्यावर न्यावी, प्रत्येक चाकावरचे किंवा निदान प्रत्येक अ‍ॅक्सलवरचे वजन पाहावे आणि टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून दाब काढावा. आम्ही वजन केले तेव्हा पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा बरेच जड निघाले, आणि त्याचे कारण कपाटात एकाच बाजूला रचलेली हत्यारे हे होते.

सगळ्यांत मोठा धडा मिळाला तो एका लांब चढावर. तापमानाचा काटा एरवी 90 अंशांच्या आसपास स्थिर असायचा. त्या दिवशी तो हळूहळू सरकत 100 च्या पुढे गेला. अशा वेळी खालचा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडावा, म्हणजे इंजिनावरचा भार कमी होतो आणि फेरे वाढल्यामुळे पंखा व पाण्याचा पंप जोरात फिरतात. तसे केल्यावर काटा थांबला. उतरला मात्र नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप, बदलून पाहिला, फरक पडला नाही. आमच्या गाडीचे इंजिन आणि रेडिएटर मागच्या टोकाला आहेत. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले, तर रेडिएटर स्वच्छ दिसत होता. शेवटी पलंगाखालचे झाकण उघडून, टॉर्च घेऊन, इंजिनाच्या बाजूने आत पाहिले. पंख्यामागच्या जाळीवर काळ्या नमद्यासारखा थर चढलेला होता आणि बोटाने ओरखडा काढल्याखेरीज आतल्या पट्ट्या दिसतही नव्हत्या.

इंजिन ज्यांच्या मागच्या टोकाला असते, अशा गाड्यांचा हा जुना रोग आहे. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर सोडणारी एक नळी असते. तिचे तोंड पंख्यासमोर असेल तर तेलाचे तुषार रेडिएटरवर बसतात, त्यांवर रस्त्याची धूळ चिकटते आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातो. पुढे रेडिएटर असलेल्या गाडीत हा मळ बोनेट उघडताच दिसला असता. आम्ही तेल विरघळवणारे द्रावण फवारले, ते मुरू दिले, आणि मग बागेच्या साध्या पाइपने मळ आला त्याच्या उलट दिशेने पाणी मारले. जोराच्या धारेने पातळ पट्ट्या वाकतात, म्हणून तो मोह टाळला. पहिले पाणी शाईसारखे काळे आले. पाचव्या खेपेनंतर ते नितळ यायला लागले. त्यानंतर वाफेच्या नळीला रबरी पाइप जोडून तिचे तोंड पंख्यापासून दूर नेले. पुढच्या प्रवासात तोच चढ काटा न हलता पार पडला, आणि तो दिवस आम्ही अजून आनंदाने आठवतो.

कूलंटचेही वय असते. कित्येक मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरची भिंत थेट कूलंटच्या संपर्कात असते. ज्वलनाच्या धक्क्यांनी ती थरथरते, तिच्यालगत बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना धातूचे कण उडवतात. कूलंटमधली रसायने भिंतीवर संरक्षक थर धरून ठेवतात; ती संपली की भिंतीला अखेर आरपार छिद्रे पडू शकतात. आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचे कूलंट आहे हे ओळखून त्याची चाचणीपट्टी वापरणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

मोठ्या मोटरहोमचे ब्रेक हवेवर चालतात, आणि इथे लहान गाडीची सवय उपयोगी पडत नाही. पेडल दाबल्यावर हवा ब्रेक लावते हे खरे, पण उभ्या गाडीचा ब्रेक दणकट स्प्रिंगने लागलेला असतो आणि हवा त्याला मागे ओढून सोडवते. म्हणजे हवा संपली की ब्रेक आपोआप लागतो. रोज निघताना आम्ही एक चाचणी करतो. चाकांना उटी, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावून दाब पूर्ण भरू देतो, इंजिन बंद करतो, ब्रेक सोडतो आणि एका मिनिटात काटा किती उतरतो ते पाहतो. मागे काही न जोडलेल्या एकट्या गाडीत ही उतरण मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) जास्त नसावी. पेडल दाबून धरल्यावर 3 पीएसआयपेक्षा जास्त नसावी. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबत दाब कमी करतो आणि 60 पीएसआयच्या आसपास इशाऱ्याचा आवाज होतो की नाही, हे ऐकतो. पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा आवाज झालाच नाही. तार गंजून तुटली होती.

लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहणे धोक्याचे असते, कारण तापलेल्या ब्रेकची पकड जाते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी वेग रोखणारा ब्रेक) सुरू करावा आणि पेडल अधूनमधून, पण ठामपणे, वापरावे. वळणांसाठी तर आम्ही एका मोकळ्या मैदानात दोन सकाळी घालवल्या. अशा गाडीत चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे आपण स्वतः कोपरा ओलांडून पुढे गेल्याशिवाय स्टिअरिंग फिरवायचे नसते, आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मागच्या चाकांमागचा लांब भाग वळताना उलट दिशेला बाहेर सरकतो. गाडीच्या बाजूला खडूची रेघ ओढून एकाने चालवले आणि दुसऱ्याने मोजले, तेव्हा आमच्या गाडीची शेपटी रेघेबाहेर सुमारे दोन फूट जाते हे कळले. शेजारच्या खांबापासून किती अंतर राखायचे, हे तेव्हापासून पक्के झाले.

गाडीतल्या घराच्या बाजूची कामे तुलनेने सोपी आहेत, पण छताची पाहणी टाळून चालत नाही. वर्षातून दोनदा वर चढून झडपा, कडा आणि सांधे यांवरचे सीलंट बोटाने दाबून पाहावे; एका तड्यातून शिरलेले पाणी भिंतीतले लाकूड कुजवते आणि आत डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. घरातल्या वापराची बॅटरी वेगळी असते. 12 व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी काही तास विसावल्यावर 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, आणि 12.1 दाखवत असेल तर निम्म्यावर आली आहे. याहून खाली उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली, तर ती लवकर निकामी होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याची गळती सांगणारा सूचक जमिनीलगत हवा. तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक या दोन्हींवर मुदत छापलेली असते, ती वाचावी. रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप क्षणभर वाजून थांबला, तर कुठेतरी थेंब गळतो आहे असे समजावे.

गाडी उभी असेल तेव्हा महिन्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवावे, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तो हानिकारक आहे. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही. ओलावा आणि अर्धवट जळलेले इंधन तेलातच राहते, आणि गिअर, चाकांचे सील, टायर यांना तर काहीच हालचाल मिळत नाही. म्हणून आम्ही दर महिन्याला तासभर गाडी रस्त्यावर चालवतो आणि त्याच दिवशी जनरेटरही भार देऊन चालवतो.

आजची फेरी आता संपली आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, निवावा म्हणून इंजिन तीन मिनिटे मंद चालू ठेवले आहे. आता ते बंद होईल, ब्रेकची कळ ओढताच हवेचा फुत्कार ऐकू येईल, आणि मग ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचलेले पाणी काढणाऱ्या दोऱ्या एकेक करून ओढायच्या. पहिली कोरडी आहे. दुसरीतून वाटीभर पाणी आले, पण त्यात तेलाचा तवंग नाही, म्हणजे टाक्यांत हवा भरणारा कंप्रेसर ठीक आहे. वहीत तारीख, किलोमीटर आणि एवढीच नोंद होईल.