चौतीस की त्रेचाळीस

[दृश्य: सकाळची वेळ. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. दोन मुली वाकून पाणी शिंपडताहेत.]

जुन्या माणसांना 'दिपोटी' आठवत असतील. खरा हुद्दा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर. खेड्यातल्या जिभेनं त्याचा दिपोटी केला. दिपोटी येणार असं कळलं की आदल्या दिवशी शाळा सारवली जायची, पोरांची नखं कापली जायची. हुशार पोरं पुढच्या रांगेत, कच्ची मागे, आणि अगदीच कच्ची असतील तर त्या दिवशी घरी. साहेब पाढे विचारायचे, फळ्यावर एखादं गणित घालायचे, शेरेबुकात चार ओळी लिहायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायचे. मास्तरांचा जीव भांड्यात पडायचा.

दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली पोरं परत मागच्याच रांगेत.

शाळा सुधारायची तर मुख्याध्यापक कसा हवा, शिक्षक कसा हवा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. शाळेबाहेरून येऊन वर्गात डोकावणाऱ्या या तिसऱ्या माणसाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ही गोष्ट त्याची आहे.

[दृश्य: गारगोटीचा रस्ता. मौनी विद्यापीठाचा परिसर.]

कोल्हापूर जिल्ह्यात आजरा तालुक्यात बहिरेवाडी नावाचं गाव आहे. जे. पी. नाईक तिथले. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारणारे हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६४ ते १९६६ या काळात या आयोगानं देशाच्या शिक्षणाचा बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत धांडोळा घेतला. त्याच्या अहवालात एक साधी सूचना होती, शाळा संकुलाची. एक माध्यमिक शाळा मध्ये धरायची आणि आजूबाजूच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडायच्या. प्रयोगशाळा असो, पुस्तकं असोत, सगळ्यांनी मिळून वापरायची. शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जायचं, अडलेलं एकमेकांना विचारायचं.

यामागची नड ओळखीची आहे. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींसमोर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. अडलं तर विचारायचं कुणाला? जोडीदार शिक्षक रजेवर, आणि तालुका तीस किलोमीटरवर.

सूचना चांगली होती. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

महाराष्ट्रात तिच्या जवळ जाणारं काहीतरी घडायला १९९४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी केंद्रप्रमुख हे पद आलं. राज्यभरात ४८६० केंद्रं. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्यातली एक केंद्रशाळा, आणि या सगळ्यांकडे फिरणारा एक माणूस. त्याच्यावर विस्तार अधिकारी. विस्तार अधिकाऱ्याच्या हद्दीला 'बीट' म्हणतात. पोलिसांच्या गस्तीलाही हाच शब्द आहे, आणि कैक शाळांना साहेबांच्या भेटीची धास्तीही तशीच वाटत आली आहे.

[दृश्य: सातारा जिल्हा. डोंगराच्या कडेची छोटी शाळा. जमिनीवर घोळक्यानं बसलेली मुलं, पुढ्यात चिंचोके आणि काड्या.]

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये हा शब्द जरा वेगळ्या कारणानं गाजला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या शिक्षकांनी वर्गाची बसण्याची रीतच मोडली. रांगा गेल्या. मुलं जमिनीवर गटागटानं बसू लागली. चिंचोके, खडे, काड्या, चित्रं, शब्दपट्ट्या, सगळं हाताशी. खात्याच्या भाषेत याला ज्ञानरचनावाद म्हणतात. शब्द मोठा असला तरी गोष्ट आईला ठाऊक असलेली आहे: मूल आपलं आपण शिकतं. त्याला करून बघू द्यावं लागतं आणि घाबरवायचं नसतं.

इथे थोडं थांबू.

दुसरीतल्या मुलाला 'चौतीस' लिहायला सांगा. बरीच मुलं ४३ लिहितात. मूल ढ असतं म्हणून नव्हे. आपण 'चौ' आधी म्हणतो आणि 'तीस' नंतर. कानावर चार आधी पडला, म्हणून त्यानं चार आधी लिहिला. ते आपल्या भाषेशी प्रामाणिक राहिलेलं असतं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं ते याच अडचणीपायी. राज्यभर थट्टा झाली, विधानसभेतही कोट्या झाल्या. वर्गात ४३ लिहून बसलेल्या पोराची आठवण त्या गदारोळात किती जणांना होती?

आता यावर उपाय काय? लाल शाईची फुली मारता येते, शंभर वेळा लिहायला लावता येतं. किंवा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून घेता येतात. तीन गठ्ठे आणि चार सुट्या. आधी गठ्ठे मोज, मग सुट्या. लिहितानाही आधी गठ्ठे. चार-सहा दिवस हातांनी हे केलं की चौतीस म्हणताना 'चौ' आधी आला तरी मूल गडबडत नाही.

मूल का चुकलं हे ओळखायचं तर त्याच्या शेजारी मांडी घालून बसायला हवं, त्यानं हे कसं केलं ते विचारायला हवं. खुर्चीत बसून शेरेबुक मागवणाऱ्याला ते दिसणार नाही. आणि आपला अधिकारीच खाली बसून मुलाला 'कसं केलंस रे?' असं विचारतोय, हे पाहिलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी स्वतःही तसंच विचारू लागतो. साहेब गेल्यावर मागे उरायला हवं ते एवढंच.

[दृश्य: शाळेबाहेर उभ्या गाड्या. फरशांचे फोटो काढणारे शिक्षक.]

कुमठ्याची बातमी पसरली. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. पुढे २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. शिक्षण सचिव होते नंदकुमार. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, कोण कुठे अडलंय ते पायाभूत चाचणीनं शोधायचं, असा त्याचा रोख. अनेक ठिकाणी शिक्षकांनी हे मनापासून अंगावर घेतलं. लोकवर्गणी जमली, पडवीत बसून साहित्य तयार झालं.

आणि मग ऑइलपेंटचे डबे निघाले. कुमठ्याच्या वर्गात जमिनीवर आकृत्या होत्या ना? मग आपल्याही जमिनीवर हव्यात. संख्यारेषा, शंभराचा तक्ता, बाराखडी, शब्दडोंगर. फरशा रंगल्या. काही वर्गांत त्या रंगावर मुलं खरंच शिकली. काही वर्गांत रंगावर सतरंजी अंथरून जुनाच पाढा सुरू राहिला. फोटोत दिसतो तो रंग. शेजारी बसून विचारलेला प्रश्न फोटोत येत नाही, म्हणून तो कुणाला सोबत घेऊन जाता आला नाही.

महाविद्यालयांनी यावर हसू नये. तिथेही नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की बाग फुलायची, फलक लागायचे, पाच वर्षांची कागदपत्रं पाच आठवड्यांत तयार व्हायची. दिपोटी गेले नव्हते. ते विमानानं येऊ लागले होते.

[दृश्य: केंद्रशाळेची खोली. टेबलावर सतत वाजणारा मोबाइल.]

आणि आपला केंद्रप्रमुख? त्याला वर्गात बसायला वेळ आहे का?

सकाळी मोबाइल उघडला की 'तात्काळ', 'आजच्या आज', 'दुपारी बारापर्यंत'. यू-डायस म्हणजे शाळांची सरकारी माहितीनोंद, पोषण आहार, आधार जुळणी, गणवेश. दहा शाळांची माहिती एका तक्त्यात भरून वर पाठवायची. कित्येक केंद्रांत तर केंद्रप्रमुखच नाही. २०२३ मध्ये २३८४ पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली. ४८६० पैकी हा आकडा धरला तर जवळजवळ निम्मा. ती परीक्षाही पुढे ढकलली गेली. अशा ठिकाणी कुणा मुख्याध्यापकाकडे किंवा ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभारी कारभार असतो. तो केंद्र सांभाळतो तेव्हा त्याचा स्वतःचा वर्ग कोण सांभाळतं, हे वेगळं सांगायला नको.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आलं. नाईकांच्या आयोगानंतर चोपन्न वर्षांनी. आपल्याकडे २०२३ मध्ये चर्चेत आली ती समूह शाळा. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही तिची उदाहरणं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, असा विचार. मोठ्या शाळेत सोयी असतात, हे खरंच. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्क कायद्याचे नियम सांगतात. पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला हे अंतर किती, ते तिच्या आईला विचारावं. संकुलाचा मूळ विचार छोट्या शाळांना एकमेकींचा आधार देण्याचा होता. त्याच शब्दाच्या सावलीत त्या शाळांना कुलूप लागणार असेल, तर निदान शब्द तरी दुसरा वापरावा.

[दृश्य: केंद्रशाळा. महिन्याची शिक्षण परिषद. सतरंजीवर गोल करून बसलेले वीसेक शिक्षक.]

महिन्यातून एकदा केंद्रातले शिक्षक असे जमतात. पहिला तास माहिती देण्यात जातो: कुणाच्या नोंदी राहिल्या, कुणाची पावती यायची आहे. मग चहा येतो. चहानंतर काही जण घड्याळाकडे बघू लागतात.

तेवढ्यात एक बाई पिशवीतून वही काढतात. पानावर पेन्सिलीनं मोठ्ठं ४३ लिहिलंय. त्या म्हणतात, "चौतीस सांगितलं होतं. तीन आठवडे झाले, तेच चाललंय. कुणाकडे काही आहे का?"

वही हातोहात फिरते. कुणीतरी हसतं, "माझ्याकडे तर सहा जण आहेत." कोपऱ्यातले एक गुरुजी उठून बाहेर जातात आणि झाडूच्या काड्या मोडून आणतात. केंद्रप्रमुख खुर्ची मागे सारतात आणि सतरंजीवर येऊन बसतात. त्यांचा मोबाइल टेबलावर वाजत राहतो.

"रबर आहे का कुणाकडे? दहाचा गठ्ठा बांधायला."

[दृश्य: काड्या मोजणारे हात. काळा पडदा.]