मेंढरांचा हंगाम कुठल्या नमुन्यात?

(दृश्य : दिवे घाट, सकाळ. रस्ताभर मेंढरं.)

दिवाळी सरलीय. सासवडकडं निघालेल्या गाड्या घाटात खोळंबल्यात आणि समोरून वाडा उतरतोय. चार-सहा धनगर कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, सगळं मिळून एक वाडा. पुढं मेंढका, खांद्यावर घोंगडं. मागं घोड्यांवर बिऱ्हाड : भांडी, वाघरीचे (मेंढरं कोंडायच्या जाळीचे) गुंडाळे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि पिशवीतून मान बाहेर काढलेलं कोकरू.

बारामती, इंदापूर, फलटण, माण-खटाव, अशा तालुक्यांतून हे वाडे निघतात. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही आणि देशावरचा उन्हाळा तिचं पोट भरत नाही. म्हणून पावसाळा पूर्वेच्या माळांवर काढायचा, दिवाळीनंतर ताम्हिणी नाहीतर वरंध घाटानं खाली उतरायचं आणि मृगाच्या आत परत वर यायचं.

(दृश्य : तिन्हीसांजा. बायका वाघर लावतायत. हात जवळून.)

मुक्काम बाजरी काढलेल्या रानात. मेखा ठोकण्याचं काम बायकांचं. एक मेख, दोन पावलं, दुसरी मेख, मग जाळी ताणून गाठ. मधेच एकजण थांबते आणि मेंढीच्या लोकरीत रुतलेलं कुसळ नखानं उपटून काढते. ते आत राहिलं तर कातडीला जखम होते. गोल पुरा झाला की मेंढरं आत जातात आणि रात्रभर लेंड्या-मूत त्या तुकड्यात पडतं. उद्या वाघर पुढच्या तुकड्यात. असं करत सगळं रान खतावतं.

याला मेंढरं बसवणं म्हणतात. पूर्वी मोबदला धान्यात मिळायचा, आता बहुतेक ठिकाणी रोख. बोलणी तोंडीच. तरी दरवर्षी त्याच सुमारास, त्याच बांधावर, तोच वाडा येऊन उतरतो. शेतकऱ्याचा आजा यांच्या आज्याला ओळखत होता, एवढ्यावर सगळं चालतं. वहिवाट म्हणतात ती हीच.

(दृश्य : इंदापूर तालुका. माळ, हद्दीचा दगड.)

हा दगड कशाचा ते सांगायला मागं जावं लागेल. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. नव्या सरकारला सारा ठरवायचा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं आधी एक मोजणी केली. तिचे आकडे इतके चढे निघाले की लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली आणि सुरुवातीला तालुका निवडला तो इंदापूर. पुढं मुंबई इलाख्यात गाजलेली रयतवारी मोजणीची पद्धत इथल्या माळावर जन्मली. साखळीनं जमीन मोजायची, नंबर द्यायचा, हद्दीला दगड रोवायचा, आकार म्हणजे सारा बसवायचा, तो ३० वर्षं बदलायचा नाही. आकार मुद्दाम हलका ठेवला, पड जमीन नांगराखाली यावी म्हणून. ती आलीही.

शेतकऱ्याला त्यानं बळ मिळालं, यात वाद नाही. पण ज्या माळावर मेंढरं चरत होती त्याचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याला एक धनी लागला. ज्याला धनी मिळाला नाही तो सरकारचा. सातबाऱ्यातला सातवा नमुना सांगतो जमीन कुणाची. बारावा सांगतो पीक कोणतं आणि हंगाम कोणता. ज्वारीचा हंगाम लिहायला रकाना आहे. मेंढरांच्या हंगामाला नाही.

(दृश्य : गायरान. मारवेल, पवन्या, वाऱ्यावर हलणारं गवत.)

उरलं गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम २२ म्हणतं, गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येईल. पुढचंच कलम २३ म्हणतं, तिथं चराईचा हक्क त्या-त्या गावच्या गुरांनाच. म्हणजे महिनाभर येऊन जाणारी मेंढरं कायद्याच्या लेखी परकी. गावानं चरू दिलं तर मेहेरबानी. पिढ्यान्‌पिढ्या गावं देत आली म्हणून कुणी विचारलंच नाही.

(दृश्य : तारेचं कुंपण. आत सौर पॅनेलच्या रांगा, बाहेर मेंढरं कडेकडेनं जातायत.)

हेही गायरान आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार भाडं, सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपयानं. शेतीला दिवसा वीज हवीच. बिबट्याच्या भागात रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला विचारा. पण ती १ रुपयाची जमीन रिकामी होती, हे कुणी ठरवलं?

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलं. त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ चा राज्याचा शासन निर्णय आला. दुसरी जमीन नसेल तरच, तेही सार्वजनिक कामासाठी, गायरान द्यायचं. सौर पॅनेलची सगळी वाट त्या अपवादातून निघते. भाडेपट्ट्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, मुदत असते, सही-शिक्का असतो.

चराई आखडली की कळप लहान होतो, काही वाडे मोडतात, पोरं कंत्राटी कामाला लागतात. सरकार पावसाळ्याच्या ४ महिन्यांसाठी महिना ६ हजार चराई अनुदान देतं, अर्थात पात्र ठरणाऱ्यांना.

(दृश्य : काटेवाडी, आषाढ. तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण.)

(निवेदन नाही. मेंढ्या, टाळ, जयघोष. मूळ आवाज.)

हे दृश्य दरवर्षी टीव्हीवर दिसतं. कॅमेऱ्यांना उभं राहायला जागा पुरत नाही.

(दृश्य : ग्रामपंचायतीचा फलक, ग्रामसभेची नोटीस.)

वनजमिनीपुरता तरी एक कायदा यांना ओळखतो. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(घ) : फिरत्या पशुपालकांची चराई आणि हंगामी वापर हा हक्क आहे. अनुसूचित जमातीत नसल्यानं धनगरांना त्यासाठी ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. फिरणाऱ्यानं वास्तव्याचा पुरावा कुठून आणायचा, ते कायद्याला ठाऊक! पण त्याच कायद्याच्या नियमांत, बाराव्या नियमात, एक शहाणपणाची ओळ आहे. पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील तेव्हाच करायची.

गायरानाला असा नियम नाही. महसूल खात्यानं तो करावा, भाडेपट्ट्याआधी तिथं दरवर्षी उतरणाऱ्या वाड्यांना बोलवावं, त्यांचा महिना आणि त्यांची वाट गावच्या दप्तरात लिहून घ्यावी, एवढंच मागणं आहे. फक्त तो विषय २६ जानेवारीच्या किंवा १ मेच्या ग्रामसभेत घेऊ नये. तेव्हा वाडे माणगाव-महाडकडं असतात. १५ ऑगस्टला घ्यावा.